महापालिकेची निवडणूक आणि मोबाइलवरचा प्रचार : तुमच्या मतावर खरंच परिणाम होतो का?

कडुनिंब
४ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नाशिक महापालिकेचं मतदान १५ तारखेला आहे. मागचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे आहे, म्हणजे जवळजवळ चार वर्षं आपल्याला हक्काने जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. काल चिन्हं वाटली गेली आणि तेव्हापासून फोन खाली ठेवायची सोय राहिलेली नाही. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज दिवसभरात प्रभात फेरीचं लाइव्ह, ड्रोनने घेतलेली पदयात्रा, एआयने बनवलेली दोन गाणी आणि ‘चारही बटणं आपलीच’ (आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं) असे कितीतरी फोटो येऊन पडले.

एवढं सगळं पाहून झालं, पण आमच्या मागच्या रस्त्यावरचं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात उफाळून येतं, त्याबद्दल यातल्या एकालाही काय वाटतं ते मला सांगता येणार नाही. दारात आतापर्यंत एकच उमेदवार आली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोनवर दिसणाऱ्या प्रचाराने तुमचं मत कधी ठरलं किंवा बदललं आहे का? आणि उमेदवाराला फोनवरून काही विचारलंत, तर उत्तर मिळालं का?

माझं मत आधीच सांगते. लोकसभेचा उमेदवार कुठे राहतो ते आपल्याला ठाऊकही नसतं, नगरसेवक मात्र दोन गल्ल्या पलीकडचा असतो. त्याला चारचौघांत प्रश्न विचारायला आणि त्याचं उत्तर लेखी मिळवायला या माध्यमाइतकी चांगली सोय आजवर नव्हती. पण सगळा वापर चाललाय तो चेहरा दाखवायला. याचा मला मनापासून राग येतो.

कृपया पक्षांची भांडणं इथे आणू नका. अनुभव लिहा.

सिडकोकर
रात्री १०.०५

चांगला धागा. २०१७ ची निवडणूक आठवा. जिओ येऊन सहा महिनेही झाले नव्हते, फुकटचा डेटा नुकता हातात आला होता. तेव्हा प्रचार म्हणजे चौकाचौकांत फ्लेक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर. रील हा प्रकारच नव्हता. टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील आणली. म्हणजे महापालिकेपुरती ही नाशिकची पहिलीच रीलवाली निवडणूक.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’. सिडकोत कोण कोणाचा भाचा आणि कोणी कोणाच्या लग्नात पंगत वाढली, हे लोकांना तोंडपाठ असतं. मत तिथे ठरतं.

रानवारा
रात्री १०.२०

सिडकोकर काका, तुमची पिढी पंगतीत ठरवत असेल. मी २४ वर्षांचा आहे. २०१७ ला नववीत होतो. माझ्यासारख्या १८ ते २६ मधल्या सगळ्यांचं महापालिकेचं हे पहिलंच मतदान. आमच्या घरी वर्षानुवर्षं कोणी नगरसेवक चहाला आलेला नाही, आम्ही भाड्याने राहतो, दर दोन वर्षांनी गल्ली बदलते. आम्हाला शहरात काय चाललंय ते फोनवरच कळतं.

तपोवनाचं उदाहरण घ्या. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचं ठरतंय, सतराशे-अठराशे झाडांचा प्रश्न आहे, हे मला इन्स्टाग्रामवर कळलं. खुणा केलेल्या झाडांचे फोटो एका मैत्रिणीने स्टोरीला ठेवले होते. मग आम्ही आठ-दहा जण तिथे गेलो, हरकत कशी नोंदवायची ते एकाने व्हिडिओत समजावून सांगितलं होतं, त्याप्रमाणे हरकती दिल्या. त्याआधी महापालिकेत हरकत घेता येते हेच मला माहीत नव्हतं. आता प्रत्येक उमेदवाराच्या पेजवर जाऊन मी एकच बघतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हा माणूस तपोवनाबद्दल काही बोलला होता का? त्यावर माझं मत नक्की ठरणार आहे.

कडुनिंब
रात्री १०.३१

रानवारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. प्रचार सुरू व्हायच्या आधीच्या पोस्ट बघायच्या, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ट्रायपॉड
रात्री ११.१५

मी या धंद्यात आहे, म्हणून आतलं सांगतो. एका पॅनलचं, म्हणजे प्रभागात एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या गटाचं, काम करतोय. कुठलं ते विचारू नका.

सकाळी सहाला उमेदवाराच्या दारात हजर. साडेसहाला मारुतीच्या देवळात नारळ, तिथून फेरी. पुढे ढोल, त्यामागे गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊन मी उलटा चालत. ओवाळणीचा शॉट हवाच, म्हणून एक कार्यकर्ता आधीच पुढे जाऊन कोणत्या दारात ताट तयार आहे ते बघून येतो. म्हाताऱ्या आजींच्या पाया पडतानाचा शॉट स्लो मोशनमध्ये. आठला फेरी संपते, साडेनऊपर्यंत पहिली रील गेलीच पाहिजे, कारण समोरच्याची नऊला गेलेली असते. एडिटिंग बहुतेक वेळा रसवंतीच्या बाकावर बसून मोबाइलवरच होतं.

संध्याकाळी उमेदवाराचा ठरलेला प्रश्न, ‘व्ह्यू किती?’ मी आकडा सांगतो, तो खूश होतो. पण इन्स्टाग्राम फक्त शहर दाखवतं, प्रभाग दाखवत नाही. आणि पाहणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक नाशिकबाहेरचे निघतात. पुण्यात नोकरी करणारी मुलं, मुंबईचे पाहुणे, कुठले कुठले. मतदार त्यातले थोडेच. मी हे उमेदवारांना स्पष्ट सांगतो. पैसे टाकायचेच असतील तर नकाशावर पिन ठोका आणि एक-दोन किलोमीटरच्या परिघातच जाहिरात दाखवा. काही ऐकतात. बाकीच्यांना मोठा आकडा हवा असतो, कारण तो पक्षातल्या वरच्यांना दाखवायचा असतो.

शेवंता
५ जानेवारी, सकाळी ७.५०

ट्रायपॉड, आमच्या गल्लीत काल एका आजींना तीनदा ओवाळायला लावलं, ते तुम्हीच का? आजी म्हणाल्या, एवढ्यांदा तर जावयालाही ओवाळलं नाही.

ट्रायपॉड
सकाळी ८.४०

मी नव्हतो ताई, आमचा शॉट एकदाच होतो!

म्हसरूळकर
सकाळी ९.१०

जरा हिशोब मांडतो. १२२ जागा, ३१ प्रभाग. २९ प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे तेव्हाच्या आकड्यानेही एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं येतात, आज त्याहून बरीच जास्त असणार. चिन्ह मिळालं ३ तारखेला, जाहीर प्रचार १३ च्या संध्याकाळी संपणार. दहा-अकरा दिवसांत एवढी दारं कोण वाजवणार? आमच्या प्रभागात तर एका टोकाला शेतमळे आणि दुसऱ्या टोकाला सात मजली इमारती.

त्यामुळे उमेदवारावर चिडण्याआधी प्रभागाचा आकार बघा. एका वॉर्डाला एक नगरसेवक होता तेव्हा तो चालत फिरू शकायचा. चार सदस्यांचा प्रभाग झाला आणि फोनशिवाय इलाज उरला नाही.

याचा दुसरा तोटा जास्त मोठा आहे. सगळा प्रचार पॅनलचा होतो. रीलमध्ये चौघं हात उंचावून उभे. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड असे गट असतात. ‘अ’ गटातला माणूस आपल्या ओळखीचा असतो, त्याच्याकडे बघून लोक चारही बटणं दाबतात. ‘क’ गटात कोण उभं आहे, त्याने आयुष्यात काय केलं, हे कोणी बघतच नाही. प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी आहे आणि आपल्याला मतंही वेगवेगळी द्यायची आहेत.

सिडकोकर
सकाळी ९.२५

ह्याला शंभर टक्के अनुमोदन. ‘चारही बटणं’ हे वाक्य आता घरातली लहान पोरंही म्हणतात.

निवृत्तमास्तर
सकाळी ११.००

मी जेलरोडला राहतो, वय ७४. महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला झाली आणि पहिली निवडणूक थेट १९९२ ला. पहिली दहा वर्षं प्रशासकच. त्यामुळे चार वर्षं प्रशासक होता याचं तरुणांना नवल वाटतं, आम्हाला तसं वाटत नाही. त्रास मात्र तेव्हाही हाच होता. गटार तुंबलं तर जायचं कोणाकडे?

१९९२ ला प्रचार म्हणजे भिंतीवर चुन्याने रंगवलेलं चिन्ह, रिक्षावरचा भोंगा आणि घरोघरी वाटलेली चिठ्ठी. उमेदवार ओट्यावर बसायचा. मी त्याला शाळेच्या मागच्या नाल्याबद्दल विचारलं, तो म्हणाला बघतो. पुढे काहीही झालं नाही, आणि तो असं म्हणाला होता याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. कडुनिंब ताईंचा ‘लेखी उत्तर’ हा मुद्दा मला म्हणूनच पटतो. समोरासमोरच्या भेटीचं कौतुक आपण फार करतो, पण ओट्यावर दिलेला शब्द हवेत विरतो. फोनवर लिहिलेलं राहतं.

आता माझी अडचण. माझा नंबर यांना दिला कोणी? मी कोणत्याही उमेदवाराला दिलेला नाही. तरी नावानिशी मेसेज येतात, यादी भाग आणि अनुक्रमांकासकट.

वकिलीण
दुपारी १.३०

मास्तर, मतदार यादीत फोन नंबर नसतो. यादी मिळते, ती अ‍ॅपमध्ये भरतात आणि नंबर दुसरीकडून आणून नावाला जोडतात. शिबिरांचे फॉर्म, सोडतीच्या चिठ्ठ्या, हळदीकुंकवाला दारातच धरलेली नोंदवही, ही सगळी नंबर गोळा करायची ठिकाणं. तुम्ही आरोग्य शिबिरात नंबर लिहून दिला असेल, तर तो तिथून गेला असण्याची शक्यता आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण प्रत्यक्ष धाक बसायला वेळ लागेल. तोवर नंबर देताना ‘कशासाठी’ हे विचारा.

आणखी काही गोष्टी सांगते, कारण ग्रुपांवर चुकीचं बरंच फिरतंय.

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा आयोग नव्हे. केंद्रीय आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की एआयने बनवलेल्या प्रचाराच्या चित्रावर वा व्हिडिओवर किमान दहा टक्के जागेत तसं लेबल हवं. ते पत्रक इथल्या ग्रुपांवर ‘महापालिकेसाठी आदेश’ म्हणून फिरतंय. ते पत्रक या निवडणुकीचं नाही. महापालिकेपुरतं राज्य आयोगाचं काय म्हणणं आहे, ते बघायचं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातीचे पैसे कोणी भरले ते पाहता येतं. या दोन्हींची कंपनी मेटा, तिची अ‍ॅड लायब्ररी (जाहिरातींची यादी) सगळ्यांना खुली आहे. उमेदवाराचं नाव टाका, जाहिरात कधी सुरू झाली, खर्चाचा अंदाज किती, सगळं दिसतं. हा खर्च उमेदवाराच्या हिशोबात यायला हवा. पोस्ट साधी म्हणून टाकायची आणि ‘राजकीय’ असं न नोंदवता पैसे देऊन बूस्ट करायची, ही पळवाट मात्र सर्रास वापरली जाते.

आणि ग्रुप अ‍ॅडमिन घाबरलेत, त्यांच्यासाठी. एखाद्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अ‍ॅडमिनचा त्यात स्वतःचा हात किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हसरूळकर
दुपारी १.४५

वकिलीण ताई, फार कामाचं लिहिलंत. अ‍ॅड लायब्ररी आत्ता उघडली. आमच्या प्रभागातल्या एकाचीच जाहिरात त्यात सापडते, आणि जाहिराती तर मला चौघांच्या दिसतात.

द्राक्षबाग
दुपारी ३.२०

मी सिन्नरचा, आमची नगरपरिषदेची निवडणूक गेल्या महिन्यातच झाली, म्हणून ताजं लिहितो. लहान गावात रील-बिल फार चालत नाही. चालतं ते व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. कोणी कोणाचं स्टेटस ठेवलं यावरून सगळा तालुका गट मोजतो. माझ्या चुलतभावाने एकाचं ठेवलं, मी कोणाचंच ठेवलं नाही, तर दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी आठवडाभर बोलेनात. शेवटी मी बागेतल्या घडांचा फोटो ठेवला. त्यात हिरवा रंग दिसतोय म्हणून त्याचाही अर्थ काढला.

अवांतर : नाशिकमध्ये प्रचाराला रोज मिसळ असते म्हणतात, खरं का?

सिडकोकर
दुपारी ३.३५

खरं. काळ्या मसाल्याची. रस्सा कितीही वेळा मागा.

निवृत्तमास्तर
दुपारी ४.१०

मिसळीवरून घसरू नका. त्यावर वेगळा धागा काढा आणि मलाही बोलवा.

पाथर्डीफाटा
संध्याकाळी ६.००

एक बाजू कोणी मांडलीच नाही. १२२ पैकी ६१ जागा महिलांच्या आहेत. इतकी वर्षं महिला उमेदवाराच्या फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा असायचा, आणि सभेत बोलायचाही तोच. बाई फक्त हात जोडून उभी. या वेळी आमच्या प्रभागात दोन उमेदवार बायका स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतायत. एकीने अंगणवाडीच्या गळक्या छताखाली उभं राहून दीड मिनिट बोललेलं मी पाहिलं. कुठल्या कामाला किती उशीर झाला ते तारखांसकट सांगितलं. मोठ्या सभेत तिला कोणी माइक दिला नसता. तिच्याकडे ना पैसा, ना घराणं. फोन होता म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली. प्रश्न तुम्ही थेट विचारलाय म्हणून सांगते, हो, त्या व्हिडिओने माझं मत बदललं.

सिडकोकर
संध्याकाळी ६.२०

ताई, आनंद आहे. पण खाली कॉमेंटला उत्तरं कोण देतं? बहुतेक ठिकाणी अकाउंट नवराच चालवतो.

पाथर्डीफाटा
संध्याकाळी ६.४५

काही ठिकाणी चालवत असेल. मी तिला पाण्याच्या वेळेबद्दल विचारलं तेव्हा तिने आवाजात उत्तर दिलं, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. नवऱ्याचा फोटो मोठा होता तेव्हा कोणी शंका काढली नाही, आणि बाई बोलायला लागली की आधी तिच्याच अकाउंटची चौकशी. याचा त्रास होतो.

सिडकोकर
संध्याकाळी ६.५५

तुमचं म्हणणं मान्य आहे. माझा रोख तिच्यावर नव्हता, आमच्या प्रभागातल्या एका अनुभवावर होता.

शेवंता
रात्री ८.३०

माझं मत फोनवरच ठरलंय, पण ते या निवडणुकीत नव्हे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडच्या एका कार्यकर्त्याने ग्रुप काढला होता. बेड कुठे आहे, ऑक्सिजन कुठे भरून मिळतो, कोणत्या मेडिकलमध्ये इंजेक्शन आलंय, एवढंच त्यावर चालायचं. फोटो नाही, नाव नाही. सासऱ्यांसाठी मी रात्री पावणेदोनला विचारलं, पाच मिनिटांत त्याचा फोन आला. मिळालेला बेड कोणाला गेला तेही तो नंतर लिहायचा, म्हणजे बाकीचे तिथे धावायचे थांबायचे. लाट ओसरली तरी ग्रुप त्याने बंद केला नाही. पुढे त्यावर रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, मोकाट कुत्री असं येत राहिलं. झालेल्या कामापुढे तो ‘झालं’ लिहितो, राहिलेल्यापुढे ‘राहिलं, अमुक साहेबांकडे आहे’ असं लिहितो.

आता तो उभा आहे. त्याची एकही रील मी पाहिलेली नाही, काढली आहे की नाही तेही माहीत नाही.

रानवारा
रात्री ८.४०

शेवंता ताई, आतापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद.

ट्रायपॉड
रात्री ११.३०

शेवंता ताईंचं वाचून काम थांबवून लिहितोय. आमच्या धंद्यात डिसेंबरमध्ये येऊन सगळे म्हणतात, पंधरा दिवसांत चेहरा पोचवा. चेहरा पोचवता येतो. असा ग्रुप पंधरा दिवसांत बनवून देता येत नाही, कितीही पैसे दिले तरी.

म्हसरूळकर
६ जानेवारी, सकाळी ८.१५

आता खोट्या मेसेजांबद्दल. आमच्या ग्रुपवर काल पुराचा व्हिडिओ आला, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती जवळजवळ बुडालेली, खाली मजकूर ‘यांच्या काळातला गोदाघाट बघा’. तो २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा होता. गोदावरीला पूर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की येतो, तो नगरसेवकामुळे येत नाही. गोदाघाटावरच्या दुकानदाराला हे कळतं, पण नव्या वस्तीतल्या माणसाला खरं वाटतं.

मतदानाच्या आदल्या रात्री ‘अमुक उमेदवाराने पाठिंबा जाहीर करून माघार घेतली’ हा मेसेज हमखास येतो. माघारीची मुदत २ तारखेला संपली. त्यानंतर कोणाचंही नाव यंत्रावरून जात नाही. हे एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

वकिलीण
सकाळी ९.००

आणि अशा मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली की तिथेच थांबा. तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, २०२० पासून. एडिट करून नव्याने टाकला तर ती खूण निघून जाते, हेही लक्षात असू द्या.

यंदा आणखी एक अडचण आहे. संक्रांत १४ ला, मतदान १५ ला. जाहीर प्रचार १३ ला संध्याकाळी थांबणार आणि दुसऱ्या दिवशी चिन्हासकट तिळगुळाची शुभेच्छापत्रं फोनवर येणार. शुभेच्छा देण्याला हरकत कोण घेणार? पण चिन्ह आणि ‘आशीर्वाद असू द्या’ असं असेल तर तो प्रचारच. स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असा, आणि आचारसंहिता कक्षाकडे पाठवा. पुढे फॉरवर्ड करू नका, नाहीतर त्याचं काम तुम्हीच केल्यासारखं होतं.

सिडकोकर
सकाळी ९.२०

बूथवर अजून एक चालतं. गळ्यात छोटा प्रिंटर अडकवलेली पोरं उभी असतात. नाव सांगितलं की मोबाइलवर शोधून बिलासारखी पट्टी काढून देतात, त्यावर नाव, खोली क्रमांक आणि वर उमेदवाराचा फोटो. गर्दीत नाव सापडत नाही तेव्हा म्हातारी माणसं त्यांच्याकडेच जातात. सोय खरंच चांगली आहे. पण त्याच वेळी त्यांच्याकडे नोंद होते की कोण आलं, कोण राहिलं, आणि दुपारी तीननंतर न आलेल्यांना फोन सुरू होतात. ज्यांना हे नको असेल त्यांनी आपलं नाव आणि केंद्र आधीच आयोगाच्या संकेतस्थळावर शोधून ठेवावं.

कडुनिंब
७ जानेवारी, रात्री १०.००

तीन दिवस सगळ्यांचं वाचलं. रानवाऱ्याने सांगितलं तसं जुन्या पोस्टही चाळल्या. मग ठरवलं की विचारूनच बघायचं. आमच्या प्रभागातल्या ज्या ज्या उमेदवाराचा ग्रुप, पेज किंवा नंबर सापडला त्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवला. मजकूर तोच, फक्त नाव वेगळं.

काय झालं ते जसंच्या तसं सांगते. दोघांच्या ग्रुपमध्ये लिहिताच आलं नाही, ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ अशी सेटिंग. असा ग्रुप म्हणजे माझ्या लेखी खिशातला फ्लेक्स. एकाने हात जोडलेलं चित्र आणि प्रचारगीत पाठवलं. एकाच्या ऑफिसातून मुलाचा फोन आला, ‘मॅडम, साहेब निवडून आले की पहिलं काम तुमचंच.’ त्याला म्हटलं, हेच लिहून पाठवा. नाही पाठवलं.

आणि एक उमेदवार, माझी पहिली पसंती नसलेल्या पक्षाची, तिने एका फोटोने उत्तर दिलं. विभागीय कार्यालयाला दिलेला अर्ज, त्याच चेंबरबद्दलचा, गेल्या जूनमधला, वर आवक क्रमांकाचा जांभळा शिक्का. खाली लिहिलं होतं, ‘पाइपचा व्यास कमी आहे, वरून तीन नव्या इमारतींची लाइन जोडली आहे, नुसतं चेंबर साफ करून भागणार नाही. निवडून आले नाही तरी पाठपुरावा करीन.’ आमच्या चेंबरचं कारण मला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. ते खरं आहे का म्हणून शेजारच्या प्लंबरला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे.

तिच्या गटातलं माझं मत ठरलं. बाकीच्या तीन मतांसाठी शपथपत्रं वाचणार आहे.

निवृत्तमास्तर
रात्री १०.२५

ताई, तो फोटो आणि तिचं उत्तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ती निवडून आली तर सगळ्यांकडे राहील, आणि दुसरं कोणी आलं तर त्यालाही दाखवता येईल.

कडुनिंब
रात्री १०.३०

टाकलं मास्तर. तिची परवानगी घेऊन टाकलं.

ट्रायपॉड
रात्री ११.४५

उद्या सकाळी फेरीच्या आधी आमच्या पॅनलला हा धागा वाचायला देतोय. ग्रुपमध्ये सगळ्यांना लिहू द्या म्हणून मागच्या आठवड्यापासून सांगतोय, शिव्या येतील म्हणून घाबरतात. शिव्या येतील हे खरं आहे. त्या काढून टाकायला माणूस बसवतो म्हटलंय.

म्हसरूळकर
८ जानेवारी, सकाळी ७.३०

कडुनिंब ताई, तुम्ही पाठवलेला मजकूर इथे द्याल का?

कडुनिंब
सकाळी ७.५५

देते.

‘नमस्कार. मी आपल्या प्रभागातली मतदार. आमच्या मागच्या रस्त्यावरचं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात उफाळतं. १) याचं कारण तुम्हाला माहीत आहे का? २) याबद्दल तुम्ही आतापर्यंत कोणाकडे, कधी तक्रार केली आहे का? ३) निवडून आलात तर पहिल्या सहा महिन्यांत काय कराल? उत्तर लेखी द्यावं, ते सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना दाखवणार आहे. उत्तर नाही आलं तर तेही सांगणार आहे.’

शेवटचं वाक्य ठेवा, त्यामुळेच ऑफिसातून निदान फोन तरी आला.

म्हसरूळकर
सकाळी ८.२०

घेतला. चेंबरच्या जागी पाण्याची वेळ आणि मळ्याकडच्या रस्त्यावरचे बंद दिवे घातले. आमच्याकडे अपक्षही उभे आहेत, त्यांनाही पाठवतोय. उत्तरं आली की इथेच लिहितो.